अनुभव धागा: जुन्या 'स्टार ट्रेक'मधली कोडी आणि एंटरप्राइझची बांधणी

मंडळी, मूळ 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ मध्ये लागायची. एकूण ७९ भाग. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिले. कथेतला कुठला प्रश्न अजून छळतो आणि एंटरप्राइझ हे त्यातलं यान बघून काय वाटलं, ते सविस्तर लिहा.

माझं कोडं 'द एनिमी विदिन' या भागाचं. ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात यानातून ग्रहावर पोचवणारं यंत्र) बिघडतो, कप्तान कर्कचे दोन कर्क होतात आणि खाली ग्रहावर त्याचा सहकारी सुलू थंडीने काकडतो. मग छोटं यान पाठवून त्याला वर का आणत नाहीत? यावर आम्हा भावंडांची कडाक्याची भांडणं व्हायची. उत्तर कथेत नाहीच. तो भाग चित्रित झाला तेव्हा शटल, म्हणजे ते छोटं यान, बांधलेलंच नव्हतं! पुढे एएमटी या छोट्या मॉडेलची किट बनवणाऱ्या कंपनीने, शटलचं किट विकायच्या हक्काच्या बदल्यात ते बांधून दिलं आणि 'गॅलिलिओ' नावाचं शटल पडद्यावर आलं. ट्रान्सपोर्टरही असाच आला. दर आठवड्याला अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसेच नव्हते. हे कळल्यापासून तो भाग मला जास्तच आवडतो.

पिंपरीहून
मी कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यामुळे माझा जीव यानावरच. ते रेखाटणारे मॅट जेफरीज दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर काम केलेले, पुढे स्वतः विमान उडवणारे. त्यांना रॉकेटसारखे पंख नको होते, मागून निघणाऱ्या ज्वाळाही नको होत्या. इंजिनं इतकी ताकदवान, तर ती माणसांच्या जवळ असणं धोक्याचं, म्हणून दोन खांबांवर लांब नेऊन ठेवली. बाहेरचा पत्रा गुळगुळीत, कारण बिघाड झाला तर हात आतूनच पोचला पाहिजे. अवकाशात शिडी लावून बाहेर कोण चढणार? ज्या अरुंद बोगद्यात शिरून यानाचा इंजिनिअर स्कॉटी दुरुस्ती करतो त्याला 'जेफरीज ट्यूब' म्हणतात, ती त्यांच्याच नावावरून. ज्याने यंत्राला हात लावलाय त्यालाच हे सुचतं, आणि म्हणून मला ते यान खरं वाटतं.

नाशिकहून
ताई, अगदी खरं. माझा प्रश्न नंबराचा. 'द डूम्सडे मशीन' या भागात कॉन्स्टेलेशन हे मोडकं यान दिसतं. बांधणी हुबेहूब एंटरप्राइझची, पण एंटरप्राइझचा नंबर एनसीसी-१७०१ आणि याचा एनसीसी-१०१७. एकाच जातीच्या यानांच्या नंबरांत इतकं अंतर का? मुलाबरोबर एंटरप्राइझचं किट जोडायला बसलो तेव्हा उलगडा झाला. मोडकं यान म्हणजे एएमटीचं किटच, जाळून-वितळवून वापरलेलं. स्टिकरवर १७०१ चेच आकडे होते, तेच उलटसुलट लावले! मुलाने लगेच आमच्या यानावर १०७१ चिकटवलं. अजून कपाटावर आहे.

न्यू जर्सीहून
२०१७ मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात एंटरप्राइझचं चित्रीकरणातलं ११ फुटी मॉडेल पाहिलं. लाकूड आणि प्लॅस्टिकचं. बाबांना मुद्दाम डाव्या बाजूला नेलं. दिव्यांच्या तारा तिकडून आत जायच्या, म्हणून ती बाजू कधी पूर्ण सजवलीच नाही, कॅमेरा उजवीकडेच. बाबा कितीतरी वेळ त्याच बाजूला उभे होते.

सांगलीहून
'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' या भागात कर्कचा मित्र गॅरी मिचेल त्याच्यासाठी थडगं तयार करतो, त्यावर 'जेम्स आर. कर्क' कोरलंय. पुढे तो कायम 'टी'. मी तरी असं मानतो की गॅरी मिचेलचं मन तेव्हाच बिघडलेलं होतं, म्हणून मित्राचं नाव चुकलं.

बेळगावहून
आणि खलनायक खान? त्याचा 'स्पेस सीड' हा भाग पहिल्या हंगामातला, यानावरचा चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या हंगामात. तरी १९८२ च्या चित्रपटात खान त्याला बघताक्षणी ओळखतो! कसं काय?

पिंपरीहून
दादा, यानावर सुमारे ४३० माणसं. चेकॉव्ह खालच्या मजल्यावर कुठेतरी ड्यूटीवर असेल, आपल्याला दिसला नाही एवढंच. आणि तारीख बघा. 'कॅट्सपॉ' या भागात चेकॉव्ह आहे आणि त्या भागाची स्टारडेट (कथेतली तारीख) ३०१८.२. 'स्पेस सीड'ची ३१४१.९. म्हणजे खान आला तेव्हा पोरगा यानावरच होता.