बादलीभर चिखलात ०.८ व्होल्ट, पण एलईडी पेटत नाही

भातखाचर (प्रश्न)
अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही सूक्ष्मजीव इंधन घटाचा, म्हणजे जिवाणूंकडून वीज मिळवणाऱ्या घटाचा, प्रयोग मांडला. भातखाचरातला चिखल बादलीत भरून तळाशी गॅल्व्हनाइज्ड जाळीचा तुकडा पुरला आणि वर चार बोटे पाणी ठेवून त्यात ग्रॅफाइटची पट्टी तरंगती ठेवली. तारा जोडताच मल्टिमीटरवर ०.८ व्होल्ट दिसले, मुले आनंदली; पण एलईडी काही पेटला नाही. आमचे चुकते कोठे? शिवाय मुलांचा प्रश्न असा की, सोसायटीच्या सांडपाणी केंद्राचे वीजबिल या मार्गाने भागेल का?

गाळवाचक
प्रथम एक अप्रिय गोष्ट सांगतो: ते ०.८ व्होल्ट बहुधा जिवाणूंचे नाहीत, जाळीवरील जस्ताचे आहेत. जस्त ओल्या चिखलात गंजते आणि गंजताना इलेक्ट्रॉन सोडते. लिंबाच्या घटात जे घडते तेच येथे घडले. ‘जोडताच’ हा तुमचा शब्दच त्याची खूण आहे, कारण जिवाणूंना ग्रॅफाइटवर थर धरून व्होल्टता चढवायला काही दिवस लागतात.

चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखालचे जिओबॅक्टरसारखे जिवाणू सेंद्रिय पदार्थ खाताना सुटणारे इलेक्ट्रॉन एरवी लोहाच्या ऑक्साइडला देतात. तेथे ग्रॅफाइट पुरले, तर ते त्यालाच देतात. जिओबॅक्टर हा जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांना १९८७ मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला आणि पुढे त्याच नदीत अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी गाळातील विजेवर हवामान नोंदवणारा तरंगता बोया चालवून दाखवला. त्याची गरज सरासरी १८ मिलिवॅट होती. यावरून अपेक्षा किती ठेवावी याचा अंदाज येईल.

दोन्ही पट्ट्या ग्रॅफाइटच्या घ्या, चिखलात तांब्याची उघडी तार जाऊ देऊ नका, आणि शेजारी वारंवार उकळलेल्या चिखलाची दुसरी बादली ठेवा, म्हणजे जिवाणू मेल्यावर वीज येते का ते कळेल. मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, म्हणून मोकळ्या, म्हणजे रोध न जोडलेल्या, घटाची व्होल्टता फसवते. १००० ओहमचा रोध जोडून त्यावरील व्होल्टता मोजा. तिच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते.

शुद्धजल
वीजबिलापुरते लिहितो. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण रासायनिक प्राणवायू मागणीत, म्हणजे ती जाळायला लागणाऱ्या प्राणवायूच्या वजनात, मोजतात; अशा १ किलो मागणीत तत्त्वतः सुमारे ३.९ युनिट ऊर्जा असते आणि घरगुती सांडपाण्यात ही मागणी १००० लिटरला साधारण अर्धा किलो धरता येते, म्हणजे कागदावर जेमतेम दोन युनिटे. प्रत्यक्षात घट १.१ व्होल्टऐवजी ०.३ ते ०.५ व्होल्टवर चालतो, काही इलेक्ट्रॉन मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव पळवतात, तर काही आत झिरपणाऱ्या प्राणवायूकडे जातात. व्होल्टता वाढवण्यासाठी घट एकसरीत जोडले, तर त्यांतील उपाशी राहिलेल्या घटाची ध्रुवता उलटते आणि तो इतरांची वीज खातो.

म्हणून मी या तंत्राकडे वीज देणारे म्हणून पाहतच नाही. केंद्रात पाण्यात हवा फुंकणारे ब्लोअर १००० लिटरला ०.३ ते ०.६ युनिट खातात; हवा न फुंकता सेंद्रिय भार उतरला आणि गाळही कमी निघाला, तर बचत तेथे आहे. परंतु त्यासाठी इलेक्ट्रोड स्वस्त व टिकाऊ हवेत आणि कॅथोडवर, म्हणजे प्राणवायूकडील इलेक्ट्रोडवर, साचणाऱ्या थराचा बंदोबस्त हवा. सोसायटीच्या सभेत यातले काहीही मंजूर करून घेऊ नका.

भातखाचर
नवव्या दिवशी लिहीत आहे. ग्रॅफाइटच्या १० सेंटिमीटर बाजूच्या चौरस पट्टीवर मोकळ्या घटात ०.४ व्होल्ट आणि १००० ओहमवर ०.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे ०.०४ मिलिवॅट. उकळलेली बादली शून्याजवळच रेंगाळते आहे. एलईडीचा नाद सोडला. आता ही वीज कपॅसिटरमध्ये साठवून तापमापकाची दिवसातून एक नोंद घेता येते का, ते मुले पाहणार आहेत.

गाळवाचक
चौरस मीटरला ४ मिलिवॅट झाले. शाळेच्या बादलीला हे शोभते. रोध सुटा ठेवू नका, सतत जोडलेला असला की थर चांगला धरतो.