मदत हवी आहे: मध्यबिंदूची बेरीज जास्त अचूक कशी काय?

नमस्कार मंडळी. निश्चित संकलन (वक्राखालचं क्षेत्रफळ) म्हणजे आयतांच्या बेरजेची सीमा, हे पाठ आहे. पण या वेळी वहीत प्रत्यक्ष मांडून बघितलं आणि अडकलो.

फलन क्ष², ० ते १. दहा सारख्या पट्ट्या पाडल्या. डाव्या टोकाची उंची घेतली तर बेरीज ०.२८५, उजव्या टोकाची घेतली तर ०.३८५. खरं उत्तर १/३. शंभर पट्ट्यांना ०.३२८३५ आणि ०.३३८३५, म्हणजे दोन्हींतला फरक बरोब्बर १/न (न म्हणजे पट्ट्यांची संख्या). तो शून्याकडे जातो आणि १/३ कायम मधेच सापडतो, हे पटलं.

गाडी अडली ती पुढे. दहा पट्ट्यांच्या डाव्या-उजव्या बेरजांची सरासरी (म्हणजे समलंबांचीच बेरीज) ०.३३५, थोडी जास्त. प्रत्येक पट्टीच्या मध्यबिंदूची उंची घेतली तर ०.३३२५, थोडी कमी. चूक चक्क निम्मी! मला वाटलं होतं, दोन टोकं बघणारी पद्धत सरस ठरेल.

हे निम्म्याचं गणित फक्त क्ष² पुरतं आहे की कुठल्याही वक्राला लागू पडतं? सूत्र नको, आकृतीवरून कुणी समजावेल का?