जेनोआत एक दिवस, आईचे गुडघे सांभाळून – मदत हवी आहे

मंडळी, ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन इटलीत जेनोआला एक दिवस थांबतोय. शहर डोंगर आणि समुद्राच्या मधे दाटीवाटीने बसलेलं. सपाट जागाच कमी, म्हणून जुनी घरं उंचच उंच, आणि 'कारुजी' म्हणजे गल्ल्या इतक्या अरुंद की काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत.

आईचे गुडघे दुखतात, पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सान लोरेन्झो कॅथेड्रल आणि तिथला १९४१चा न फुटलेला तोफगोळा तिला पाहायचाच आहे! कास्तेलेत्तोच्या टेकडीवर सार्वजनिक लिफ्ट जाते हे कळलं, जीव भांड्यात पडला. लिफ्टपर्यंत पायऱ्या लागतात का? आणि व्हिया गरिबाल्दी या रस्त्यावरचे महाल आतून बघायचे, की १५४३च्या दीपस्तंभासाठी वेळ ठेवायचा? दोन्ही काही जमायचं नाही.