राष्ट्रीय जैवविविधता आराखडा: मंजुरीआधी काय पक्कं करून घ्यावं?

तृणपाते:
संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता कराराच्या कलम ६ प्रमाणे प्रत्येक सदस्य देशाला राष्ट्रीय धोरण आणि कृती आराखडा करावा लागतो. पण कित्येक आराखड्यांत याच कराराखाली ठरलेल्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक आराखड्याची (२०२२) २३ उद्दिष्टं जवळपास जशीच्या तशी उतरवलेली असतात. आराखडा फायलीत पडून राहू नये म्हणून मसुद्यातच काय पक्कं करावं? आणि उद्दिष्ट ३ प्रमाणे २०३० पर्यंत जे ३० टक्के क्षेत्र राखायचं आहे, त्याचा हिशेब कसा मांडायचा?

पाणथळ:
आधी पैशाचं बघा. आराखडा लिहितं पर्यावरण मंत्रालय, पण जमीन, पाणी, खतं, रस्ते यांचे निर्णय होतात दुसरीकडे. म्हणून अर्थखात्याचा अधिकारी पहिल्या बैठकीपासून हवा. प्रत्येक कृतीसमोर एकच जबाबदार खातं, लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) आणि मुदत लिहा. 'सर्व संबंधित विभाग' असं लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही.

खर्चासाठी यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम) बायोफिन या जैवविविधता-निधी उपक्रमाचा क्रम चांगला आहे: धोरणं आणि संस्थांचा आढावा, सध्याचा खर्च, गरजेची रक्कम, मग तफावत भरून काढणारा निधी आराखडा. यात जैवविविधतेला घातक अनुदानांचा तपास हमखास मागे पडतो. उद्दिष्ट १८ नुसार ती २०३० पर्यंत जगभरात वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरने कमी व्हायला हवीत. पाणथळ जागेच्या पुनरुज्जीवनाला निधी द्यायचा आणि तिथलंच भूजल उपसणारी वीज स्वस्त ठेवायची, हे चालू असेल तर तो निधी वाया जातो.

रानमोजणी:
३० टक्क्यांबद्दल. जमीन आणि गोडं पाणी हा एक हिशेब, समुद्र आणि किनारा हा दुसरा. दोन्ही मिसळून एकच टक्का दाखवू नका.

सगळ्यात मोठी चूक दुहेरी मोजणीची. समजा, अभयारण्य ४०,००० हेक्टर, रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) १५,००० हेक्टर आणि त्यातले १२,००० हेक्टर अभयारण्याच्या आतच. एकूण ४३,००० हेक्टर झाले, ५५,००० नव्हे. सगळ्या सीमा आधी एका थरात एकत्र करा, मगच क्षेत्रफळ काढा, तेही समक्षेत्र प्रक्षेपणात, म्हणजे क्षेत्रफळ खरं दाखवणाऱ्या नकाशा पद्धतीत. ऑनलाइन नकाशांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेब मर्केटर पद्धतीत ६० अंश अक्षांशाला क्षेत्र चौपट दिसतं.

संरक्षित क्षेत्राबाहेरची जागा धरायची तर तिची सीमा, व्यवस्थापन आणि जैवविविधतेला होणारा टिकाऊ लाभ दाखवता आला पाहिजे. नुसती हिरवी जमीन चालत नाही. शिवाय टक्केवारी परिसंस्थेनुसार काढा. उंच खडकाळ डोंगर सहज राखीव होतात. गवताळ प्रदेश आणि नद्या राहून जातात.

तृणपाते:
धन्यवाद. मग निर्देशक, म्हणजे प्रगती मोजायचे आकडे, कसे लिहावेत?

बांधावरचा:
सुरुवातीच्या स्थितीचा मूळ आकडा हातात नसेल तर उद्दिष्ट लिहूच नका. याच कराराखाली २०१० मध्ये ठरलेल्या २० आयची उद्दिष्टांपैकी जागतिक पातळीवर एकही पूर्णपणे साधलं नाही, आणि बऱ्याच उद्दिष्टांची शब्दरचनाच मोजता न येण्याजोगी होती.

'कुरणांचं संवर्धन केलं जाईल' हे निरुपयोगी. त्याऐवजी: '२०२० मध्ये नोंदलेलं कुरणक्षेत्र २०३० पर्यंत घटणार नाही, मोजणी दरवर्षी.' उपग्रह चित्रांत कुरण आणि पडीक शेत एकसारखी दिसतात, म्हणून दोन हंगामांची चित्रं आणि जागेवर पडताळणी, दोन्हींसाठी तरतूद ठेवा.

स्थानिक समुदायांचे जमिनीवरचे हक्क सीमा आखण्याआधी नोंदवा. हे हक्क मान्य करण्याची अट उद्दिष्ट ३ मध्येच आहे. नंतर नोंदवायला गेलं की अधिसूचना वादात अडकते. कराराला आठवा राष्ट्रीय अहवाल जून २०२९ मध्ये द्यायचा आहे. त्या तारखेपासून मागे मोजत माहिती गोळा करण्याचं वेळापत्रक बसवा आणि ते आराखड्यासोबतच मंजूर करून घ्या.