समृद्धीत जमीन गेली, पैसा आला, अण्णा मात्र ओट्यावर बसून आहेत

मोसंबीवाला_बदनापूर

नमस्कार मंडळी. घरात कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथं टाकतोय, लांबलं तर समजून घ्या.

आमचं गाव बदनापूर तालुक्यात, जालना जिल्हा. समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली, सगळी नाही पण जी चांगली काळी होती तीच गेली, मोसंबीची बाग होती ती पण गेली. रस्ता १२० मीटर रुंद आहे, रानाच्या मधोमध पडला की तुकडेच होतात, तसा तीन एकराचा एक तुकडा आमचा पलीकडं राहिला. पैसा मात्र चांगला मिळाला, खोटं कशाला बोलू, एवढी रक्कम आमच्या खानदानात कुणी एका जागी पाहिली नव्हती. सोसायटीचं अन बँकेचं कर्ज फेडलं, पत्र्याचं पाडून स्लॅबचं घर बांधलं, भावानं स्कॉर्पिओ घेतली, बाकी एफडीत आहे. मी जालन्याला एमआयडीसीत नोकरीला जातो, राहणी पहिल्यासारखीच, भाकरी-भाजी, बायकोला पण फार हौस नाही.

अडचण आहे अण्णांची. वय ६८. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागात बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावून सरपण केलं, तेव्हा ह्या माणसानं मायचे दागिने मोडून टँकरनं बाग जगवली होती. आता तोच माणूस सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसतो ते जेवायलाच उठतो. एक रुपया खर्च करंना. नवी चप्पल आणली तर म्हणे माझी आहे की जुनी, पंढरपूरला चला म्हटलं तर नको. पलीकडच्या तुकड्यात जायचं तर लांबून बोगद्यातून वळसा, कारण समृद्धीवर मोटारसायकलला बंदी आहे, रस्ता आपल्या रानातून अन आपलीच गाडी त्यावर चालत नाही हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, तेवढंच काय ते बोलणं.

कर्ज नाही, हाव नाही, साधं राहतो, मग लोक म्हणतात ते समाधान कुठं अडकलंय? तुमच्याकडं कुणाची जमीन गेली असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय केलं ते सांगा.

---

कोयत्याचा_पोरगा

भाऊ राग मानू नका पण तुमची पोस्ट वाचून आधी हसूच आलं. मी बीड जिल्ह्यातला, माय-बाप दोघं ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा ते उन्हाळा लागल्यावरच गावात परत. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे अन तोडून फेडायचे, फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली तेव्हा पेपरात लई मोठं छापून आलं होतं, पण आमच्याकडं आनंद मोजायचं माप वेगळं आहे, यंदा जायचं का नाही जायचं, बस. मला नोकरी लागली अन उचल एकदाची फिटली, त्या हिवाळ्यात माय घरी राहिली. पैशानं सुख मिळत नाही म्हणणाऱ्याला मी त्या घरात आणून बसवलं असतं.

साधं राहणं वगैरे ठीक आहे, पण कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहणाऱ्याला कुणी साधी राहणी म्हणत नाही, त्याला गरिबी म्हणतात. ज्याच्या खात्यात एफडी आहे त्याच्याच भाकरीला साधेपणा चिकटतो.

आता तुमच्या अण्णांचं. माझी माय घरी बसली तर दुसऱ्या सालीच चिडचिड करायला लागली. शेवटी दोन शेळ्या घेऊन दिल्या, आता माझ्याशी बोलायला तिला वेळ नाही. त्यांना समाधान नाही असं तुम्ही म्हणायलात, मला तर वाटतं काम नाही.

---

पासबुक

बँकेतून रिटायर झालोय, नांदेडला असतो. महामार्गाचे पैसे आलेली बरीच कुटुंबं काउंटरवर पाहिलीत म्हणून दोन रोखठोक गोष्टी.

पहिलं, ती एफडी कुणाच्या नावावर आहे? वर तुम्ही ते लिहिलं नाही. जमीन अण्णांची होती तर पैसा अण्णांच्या खात्यात पाहिजे, अन नुसता नावापुरता नाही. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम पोस्ट ऑफिसात पण मिळते, ६० च्या वरच्यांना, ३० लाखांपर्यंत, ५ वर्षांची, व्याज एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे अन दर तीन महिन्याला खात्यात पडतं. हे तिमाहीचं लई महत्त्वाचं. शेतकऱ्याला मोठी रक्कम आपली वाटतच नाही, ती म्हणजे जमीनच पडून आहे असं वाटतं, तिला हात लावणं म्हणजे रान विकून खाणं. पण हंगामाला येतो तसा पैसा हातात आला की तो उत्पन्न वाटतो, मग माणूस चप्पल पण घेतो अन नातवाला खाऊ पण आणतो. त्यांना स्वतः बँकेत न्या, स्वतःच्या सहीनं काढू द्या.

दुसरं, जास्त व्याजाच्या नादात मल्टिस्टेट सोसायटीत किंवा पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, एका माणसाला एका बँकेत, पतसंस्थेला तो लागू नाही. मराठवाड्यात किती जणांचे पैसे अडकलेत ते मी नव्यानं सांगायला नको.

बाकी सुखाबिखाचं मला फार कळत नाही.

---

लेक_परभणीची

दादा, सगळं वाचलं. भाऊ आहे, स्कॉर्पिओ आहे, बहिणीचा उल्लेखच नाही. बहिणी नाहीत का त्यांची सही घेऊन झाली?

टोमणा म्हणून नाही विचारत. आमच्याकडं मावशीच्या घरी हेच झालं, जमीन गेली, तिन्ही लेकींना साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या अन मग म्हातारा-म्हातारी म्हणतात पोरी दिवाळीला येत नाहीत. २००५ पासून कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाएवढाच आहे, सुप्रीम कोर्टानं २०२० ला ते अजून पक्कं केलं, बाप आधी वारला असला तरी. पण गावात अजून बहीण वाटा मागते म्हटलं की जणू तिनं दरोडाच टाकला. तुमच्या अण्णांना चप्पल नकोय म्हणता, पण पैसा आल्यापासून घरात कोण कोणाशी बोलत नाही ते आधी बघा.

---

मोसंबीवाला_बदनापूर

ताई, बरोबर धरलंत. दोन बहिणी आहेत. अण्णांनी दोघींना वाटा दिला, सही-बिही कुणाची मागितली नाही, गावात नाव झालं. पण भावाला ते पटलं नाही, तेव्हापासून तो अण्णांशी कामापुरतंच बोलतो, स्कॉर्पिओत अण्णा अजून एकदा पण बसले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, घरातलं आहे म्हणून.

पासबुक साहेब, एफडी आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. अण्णांचं पण खातं आहे, त्यात फक्त पीएम किसानचे येतात. तुमचं पटलं. पुढची एफडी सुटली की बघतो.

---

तूरडाळ

पलीकडच्या तीन एकरात सध्या काय आहे? पाणी?

---

मोसंबीवाला_बदनापूर

पडीकच. विहीर रस्त्यात गेली. एका साली तूर टाकली होती, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचंच ७११ वाण, बरी आली, पण राखायला कुणी नाही, रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी निम्मी खाल्ली.

---

तूरडाळ

अहो राखायला माणूस ओट्यावर बसलाय की. कुंपण करा, बोअर किंवा शेततळं बघा, मोटारसायकलवर त्यांना वळशानं पाठवा, चिडत चिडत जातील पण जातील. मोसंबीच लावा.

---

कोयत्याचा_पोरगा

मोसंबीला फळ धरायला पाच वर्षं लागतात राव. ६८ वर्षांच्या माणसाला?

---

तूरडाळ

मग काय झालं. कलमं लावताना कुणी वय विचारतंय का.

---

मोसंबीवाला_बदनापूर

काल जेवताना सहज विषय काढला. हो पण नाही म्हणाले अन नाही पण नाही. पण मग अर्धा तास शेजारच्या बागेवर बोलले, की त्यानं जंबेरी खुंटावरची (खुंट म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधतात ते) कलमं लावली, कलमाचा डोळाही जमिनीलगत भरलेला, म्हणून डिंक्या रोगानं बाग बसली, रंगपूर खुंटच घ्यायला पाहिजे होता, लोकांना काही कळत नाही वगैरे. भाऊ म्हणतो ह्या वयात पैसे मातीत घालायचं काम आहे. बोअरचा खर्च अण्णांच्या नावच्या खात्यातूनच करावा असं माझ्या डोक्यात आहे, त्यावर भाऊ अजून पेटणार.

पावसाच्या आत लावायची तर रंगपूर खुंटाची खात्रीची कलमं कुठं मिळतील, जालना-अंबड साईडला कुणी घेतलीत का?