क्रिस्परसाठी फळमाशीच का? फुलपाखरू घेतलं तर चालेल का?

घोडबंदरची_अळीवाली
नमस्कार मंडळी. एमएस्सी झूऑलॉजी, दुसरं वर्ष, राहते ठाण्यात. डिझर्टेशनला कीटकांमधलं क्रिस्पर, म्हणजे जीन नेमका कापून बदलायचं तंत्र, घ्यायचंय. आमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या येतात, लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात त्या. कृष्णमेघ कुंटे वगैरेंचा २०१४ चा पेपर वाचला, की या फुलपाखराची मादी विषारी कॉमन रोज फुलपाखराची नक्कल करते ती डबलसेक्स या एकाच जीनमुळे, तर वाटलं तोच जीन कापून बघावा. गाईड म्हणतात ड्रोसोफिला (फळमाशी) घे आणि मोकळी हो. सगळं माशीवरच का करायचं? आणि कॉलेजात जमेल का, डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन आहे, अंड्यात बारीक सुईने टोचायचा मायक्रोइंजेक्टर नाही.

ऐरोलीचा_माशीवाला
ताई, कापणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कॅस९ प्रोटीन, म्हणजे कापणारी कात्री, विकत मिळतं, ती कुठे चालवायची ते दाखवणारा गाईड आरएनए ऑर्डर करता येतो. खरी मारामारी अंड्यांची. माशीच्या अंड्यात सुरुवातीला पेशींचे पडदेच नसतात, नुसती केंद्रकं वाढत असतात, त्यामुळे अंडं घातल्यापासून साधारण तासाभरात मागच्या टोकाला सुई टोचली की पुढे जिथून बीजपेशी होतात तिथे कात्री पोचते. काचेची नळी तापवून ओढलेली सुई, डबल टेपवर रांगेत चिकटवलेली अंडी, वर तेल, आणि मान मोडेपर्यंत मायक्रोस्कोप. फुलपाखराचं कवच त्याहून टणक, सुया पटापट मोडतात. त्यात तुम्ही निवडलेला जीन नर-मादी घडवण्यातही लागतो, सरसकट बंद केलात तर नुसता पंखाचा रंग बदलत नाही, बरंच काही बिघडतं. २०१५ साली जपानी टीमने म्हणूनच कोषातल्या मादीच्या पंखापुरताच तो आरएनएआयने (जीन न कापता त्याचं काम दाबायची पद्धत) दाबला, तेव्हा नक्कल गेली आणि नरासारखी नक्षी आली.

मुंग्यांच्या_मागे
गाईड बरोबर आहेत पण अर्धे. माशीत जे दिसतं ते सगळीकडे लागू पडतं असं नाही ना. वास घेण्यासाठी लागणारा ऑर्को जीन बघा. माशीत तो बंद केला तर वास कळत नाही पण मेंदूतल्या वासाच्या गाठी जवळपास जागच्या जागी राहतात. २०१७ मध्ये तोच जीन मुंग्यांमध्ये बंद केला तर त्या गाठीच खूप कमी झाल्या आणि मुंग्या वारुळाबाहेर एकट्या भटकायला लागल्या. त्यातली एक जात हार्पेग्नाथस, आपल्या भारतातलीच उड्या मारणारी मुंगी. तीच का घेतली तर तिच्यात राणी नसली की कामकरी मुंगी अंडी घालायला लागते, म्हणून बदललेल्या मुंगीपासून पुढची पिढी मिळवता आली. नेहमीच्या मुंगीत राणीसाठी थांबत बसा!

नेरूळ_पोरकिडा
मायक्रोइंजेक्टर नाही म्हणता, तर ट्रायबोलियम घ्या, पिठातला तांबडा किडा, तुमच्या किराणावाल्याकडे फुकट मिळेल 😄 (खरं तर लॅबमधलीच लाइन, म्हणजे पिढ्यानपिढ्या जपलेला एकसारखा वंश, घ्या, दुकानातल्या किड्यांची भेसळ निस्तरत बसाल). २०२२ मध्ये डिपा-क्रिस्पर म्हणून पद्धत आली, अंड्याऐवजी मादीच्याच पोटात कॅस९ आणि गाईड आरएनए टोचायचं, अंड्यांत पिवळा बलक भरत असतानाच, मग ते बलकाबरोबर आत ओढलं जातं. झुरळात २२ टक्क्यांपर्यंत आणि ट्रायबोलियममध्ये ५० टक्क्यांवर पिल्लं बदललेली निघाली. वेळ चुकली तर मात्र शून्य. डोळ्याच्या रंगाचा जीन घ्या, फिका डोळा झाला की लगेच कळतं, सिक्वेन्सिंगचा (डीएनए वाचून बघण्याचा) खर्च नंतर. पिढी महिन्याभरात होते, अंडी चाळणीने वेगळी होतात, फक्त आपल्याकडे पावसाळ्यात पिठाला बुरशी धरते तेवढं सांभाळा, पीठ आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्या.

घोडबंदरची_अळीवाली
वा, हे माहीतच नव्हतं! पण पहिल्याच पिढीत दोन्ही डोळे फिके दिसतात का?

ऐरोलीचा_माशीवाला
दरवेळी नाही. काही पेशींत कापलं जातं काहींत नाही, एक डोळा फिका एक काळा असंही निघतं. फुलपाखरात याचा उलट फायदा, २०१७ च्या ऑप्टिक्स नावाच्या जीनवरच्या कामात बकआय फुलपाखराच्या पंखावर बदललेला निळा तुकडा आणि शेजारीच मूळ रंग, तुलना तिथल्या तिथे. पण पक्की लाइन हवी तर पुढे जोड्या लावून एक-दोन पिढ्या काढाव्याच लागतात, वेळापत्रकात तेवढे महिने धरा. आणि काहीही ऑर्डर करायच्या आधी कॉलेजला बायोसेफ्टी कमिटी आहे का ते विचारा, नसेल तर जिथे आहे अशा लॅबमध्ये बसायला मिळतं का बघा. हे बाल्कनीत करायचं काम नाही.

नेरूळ_पोरकिडा
+१. कमिटीची मंजुरी यायला वेळ लागतो, अर्ज या आठवड्यातच टाका.