उएनोचे ते 413 चेंडू
वर एकाने लिहिलंय की हात खालून फिरवून टाकलेल्या चेंडूत कसला आलाय वेग, जपानची सॉफ्टबॉल पिचर (चेंडू टाकणारी) युकिको उएनो हिचं उगाच कौतुक चाललंय. अजिबात पटलं नाही. तिचा चेंडू ताशी 110 किलोमीटरच्या पुढे जायचा आणि पिचरपासून होम प्लेट, म्हणजे बॅटर उभी असते ती जागा, फक्त 43 फुटांवर. क्रिकेटमध्ये दोन्हीकडच्या स्टंपांत 66 फूट असतात. म्हणजे बॅटरच्या हातात अर्धा सेकंदही नाही. शाळेत असताना दादरला मी कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू झेलणारी, होते. आमची पिचर आठवीतली मुलगी, तरी तासाभराच्या सरावानंतर ग्लोव्ह काढला की डावा तळवा लालबुंद. घरी जाताना लोकलची कडी उजव्या हातानेच धरायची.

आणि बीजिंग ऑलिंपिकबद्दल इथे कुणीच कसं लिहिलं नाही? 20 ऑगस्ट 2008 ला अमेरिकेविरुद्ध तिने 9 इनिंग (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात) टाकूनही जपान हरलं, पण अंतिम सामन्यात जायची अजून एक संधी होती. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध 12 इनिंग, जिंकलं. नेहमीचा सामना 7 इनिंगचा असतो, म्हणजे एका दिवसात तीन सामन्यांचं काम! दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिका, पुन्हा तीच, आणि 3-1 ने सुवर्ण. दोन दिवसांत एकटीने 413 चेंडू. त्यानंतर सॉफ्टबॉलच ऑलिंपिकबाहेर गेला. परतला तो थेट टोकियोत, 2021 मध्ये. तेव्हा ती 39 वर्षांची. अंतिम सामन्यात तिला मध्ये विश्रांती दिली होती, पण शेवटच्या इनिंगला चेंडू परत तिच्याच हातात दिला. जपान 2-0.